चांगुणाचं केळवण

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला दोघे तरुण घरी आले, तेव्हा ते विषयही ठरवूनच आले होते : "बाई, तुमच्या यशस्वी विद्यार्थिनी." मी त्यांना चहा दिला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि वाटेला लावलं. यशस्वी विद्यार्थिनी माझ्याकडे नव्हत्याच, तर लिहू काय? लोणावळ्याच्या एका मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर पीटी शिकवली आणि शाळा सुटल्यावर ज्यूदो. त्यातून काय निघालं असं कुणी विचारलं, तर प्रामाणिक उत्तर 'काही नाही' हेच आहे. पण ज्या मुलीमुळे हे उत्तर द्यायची वेळ आली ती मुलगी गेल्या वर्षी वारली. तिची आई तिच्याही आधी गेली. आता लिहिलं तर दुखावेल असं फारसं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. तिचं नाव बदललं आहे, आणि आंदर मावळातल्या तिच्या वाडीचं नाव सांगणार नाही.

ज्यूदो म्हणजे काय हे मला अजूनही समजावून सांगावं लागतं. त्यात विटा फोडत नाहीत की हवेत लाथा मारत नाहीत. कुस्तीसारखाच धरपकडीचा खेळ. फक्त अंगात जाड सदरा असतो आणि तो सदरा धरून समोरच्याला पाडायचं. पाठीवर सपशेल पाडलं की खेळ तिथेच संपला. मी तो शिकले एका सुट्टीतल्या शिबिरात, लष्करातून निवृत्त झालेल्या एका मास्तरांकडून. तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते, डोक्यात वारं होतं, आणि आपल्या मुली हे करू शकतात असं मला फार मनापासून वाटायचं.

मॅट कुठून आणणार? मावळात भाताचा पेंढा रग्गड. पोत्यांत पेंढा ठासून भरायचा, पोती एकमेकांना भिडवून मांडायची आणि वर मालगाडीची टाकाऊ ताडपत्री ताणून बांधायची. पुढे कळलं की जिथून हा खेळ आला तिथेही पूर्वी भाताच्या काडाच्याच चटया वापरत. त्या दिवशी मला उगाचच अभिमान वाटला होता. सदरे बाजारातल्या शिंप्याने शिवून दिले, दुहेरी मांजरपाटाचे. "हे घालून पोरी काय दगड फोडनार हायेत का?" असं तो मापं घेताना विचारायचा.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. एक आई तावातावाने आली, म्हणाली, "दोन महिने झाले, तुम्ही पोरीला नुसतं पडायलाच शिकवताय. पडायला ती घरी शिकलीच होती की." तिला सांगावं लागलं की आधी पडायचंच शिकायचं असतं, हात आपटून, मान आत घेऊन, हाडं शाबूत ठेवून. बंगलेवाल्या एका शेटजींना शनिवारी पाहुण्यांसमोर 'पोरींची कुस्ती' ठेवायची होती. त्यांना मी शाळेच्या फाटकातूनच परत पाठवलं. आणि एक मध्यमवयीन बाई आल्या, त्यांना एकच डाव हवा होता. "नवऱ्यापुरता," म्हणाल्या. मी शिकवला. त्या परत आल्या नाहीत. काही महिन्यांनी दोघं बाजारात दिसले; बाई पुढे चालत होत्या आणि गृहस्थ पिशव्या घेऊन मागे. माझ्या शिकवण्याचा एवढा एकच उपयोग झालेला मी डोळ्यांनी पाहिला.

खरी अडचण वजनाची होती. ज्यूदोत वजनाचे गट असतात. प्रत्येक गटाला वरची एक रेघ. तिच्यावर गेलात तर त्या गटात खेळता येत नाही. आमच्या मुली सगळ्या काटकुळ्या, सगळी गर्दी खालच्या गटांत. मधल्या वजनाचा गट रिकामा. त्या गटात बसेल एवढी हाडापेराने भरलेली आणि तरी चपळ अशी मुलगी मी कित्येक वर्षं शोधत होते.

चांगुणा मला रुळांवर सापडली. तिचा मामा रेल्वेत गँगमन होता. शिकायला म्हणून ती त्याच्याकडे राहायची आणि दुपारी डोक्यावर पाटी घेऊन गँगच्या जेवणाचे डबे पोचवायची. खडीवरून चालताना भल्याभल्यांचा तोल जातो. ही पाटीला हात न लावता चालत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला पेंढ्यावर उभी केली आणि म्हटलं, मला ढकल. तिने सदऱ्याला हात घातला मात्र, माझे पाय उचलले गेले. रात्री घरी गेल्यावर खांदा शेकत मी एकटीच हसत बसले.

तिचा हातखंडा एकच डाव होता. समोरची पाऊल टाकत असते. ते पाऊल जमिनीला टेकणार, त्याच क्षणी आपल्या तळपायाने ते बाजूला झाडायचं. ताकद लागत नाही, वेळ साधावी लागते. ती वेळ शिकवता येत नाही. माझ्यापाशी डझनावारी मुली वर्षानुवर्षं ते करून थकल्या, आणि हिला ते आठवड्यात आलं.

शाळेत वजनकाटा नव्हता. मामाच्या ओळखीने आम्ही तिचं वजन स्टेशनच्या पार्सल ऑफिसात करायचो, आंब्याच्या करंड्या आणि सायकली यांच्यामध्ये उभी करून. "बाई, लेबल चिकटवू का?" असं तिथले कारकून दर वेळी विचारायचे, आणि चांगुणा दर वेळी हसायची. काटा रेघेच्या जरा खाली थांबायचा. म्हणजे अगदी हवा तसा.

जिल्ह्यात जिंकली, राज्यात जिंकली. देशाच्या संघाची निवड झाली तेव्हा मधल्या गटात तिच्यासमोर टिकणारी कुणी नव्हतीच. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बायकांचा ज्यूदो ऑलिंपिकमध्ये अजून यायचा होता. पण पूर्वेकडच्या एका देशाने निमंत्रितांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ठेवल्या होत्या, आणि आपल्याकडून मोजक्या मुली जायच्या होत्या. मुलींबरोबर कुणीतरी बाईमाणूस हवं म्हणून मलाही घेतलं.

आईची परवानगी मामाने मिळवली. चांगुणाला वडील नव्हते. आई दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला जायची. लेण्यांजवळच्या भाजे गावातलं एक स्थळ तिने आधीच बघून ठेवलं होतं. मामा तिला म्हणाला, "आक्का, एकडाव जाऊन येऊ दे तिला. आल्यावर तू म्हनशील तितं देऊ." आई म्हणाली, "एकडावच. मागनं पुन्ना इचाराया माझ्याकडं यायचं न्हाई." चांगुणाने मान हलवली. म्हणजे हे तिचं पहिलं जाणं होतं आणि शेवटचंही. हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

निघण्याआधी ती आईला भेटायला वाडीवर गेली. आठवड्याने मी तिला आणायला गेले. एसटी जिथे संपते तिथून पुढे दीड-दोन तास चालायचं. भातं कापून झाली होती, खळ्यावर झोडणी चालली होती. वाडीत पोचले तर कुणाच्या घरी लग्न निघालंय असंच वाटलं. अंगणं सारवलेली, चुली पेटलेल्या, आणि चांगुणा नवं लुगडं नेसून एका पडवीत पाटावर बसलेली, पुढ्यात ताट.

लग्न ठरलेल्या मुलीला भाऊबंद एकेक करून आपल्या घरी जेवायला बोलावतात, त्याला केळवण म्हणतात. वाडीतून परमुलखात गेलेलं आजवर कुणी नव्हतं. अशा वेळी काय करायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग पोर घरातून जाण्याची जी एकच रीत त्यांना माहीत होती तीच त्यांनी केली. रोज दोन घरं. नव्या तांदळाची खीर, वडे, कोंबडी, ओढ्यातल्या चिंबोऱ्या, आणि ज्याच्याकडे म्हैस त्याच्याकडून तांब्याभर दूध.

तिचा चेहरा गोल झाला होता. वाडीतले सगळ्यात वडील म्हणजे धोंडूआबा, जत्रेतल्या कुस्त्यांचे जुने पंच. त्यांना मी बाजूला घेतलं.

"आबा, हिचं वजन वाढलं तर हिला खेळू देणार नाहीत."

आबांना माझी कीव आली असावी. "बाई, असं कुटं आसतंय व्हय? जड मानूस कुनाला उचालतंय? आमी पैलवानाला म्हैना म्हैना खाऊ घालतो."

मी रेघ समजावून सांगितली. जत्रेत जोड नजरेने लावतात. तिथे रेघ नसते, हे आबा मला समजावून सांगू लागले. शेवटी कसंबसं पटल्यासारखं करून म्हणाले, "मंग आता बंद करू. पर आज ठकूमावशीकडं हाय, तेवढं होऊ द्या. म्हातारीनं अंड्यावरची कोंबडी कापलीया."

ठकूमावशी वाडीच्या टोकाला एकटी राहायची. तिच्याकडे खरंच तेवढी एकच कोंबडी होती. चांगुणा माझ्याकडे बघत होती आणि म्हातारी आम्हा दोघींकडे. "समद्यांच्यात ज्येवली आनि माझ्यात न्हाई, आसं नगं करू माजे बाय," एवढंच ती म्हणाली. माझंही पान मांडलेलं होतं. आम्ही दोघी जेवलो.

दुसऱ्या दिवशी पार्सल ऑफिसात काटा रेघ ओलांडून बराच पुढे गेला. कारकुनांनी लेबलाचं विचारलं नाही.

पुढचे दिवस मी तिला पळवलं. दोन दोन स्वेटर घालून, वरून घोंगडी बांधून, भुशीकडच्या चढावर आणि खाली खंडाळ्याकडे. जेवण म्हणजे ताक आणि काकडी. वजन उतरत होतं, पण वजनाबरोबर तिचा रंगही उतरत होता. निघालो तेव्हा रेघ अगदी जवळ आली होती. प्रवासात उतरेल, असं मी स्वतःला समजावत राहिले. विमानात तिने काही खाल्लं नाही. तिथे पोचल्यावर अंग मात्र सुजल्यासारखं झालं. प्रवासात असं होतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

वजनं घ्यायला ठरावीक वेळ असते. त्या वेळात कितीही वेळा काट्यावर चढा, पण दार बंद झालं की संपलं. पहिल्यांदा चढली तेव्हा काटा रेघेच्या वर, थोडासाच. आम्ही बाहेर येऊन पळू लागलो. होते नव्हते ते सगळे कपडे तिच्या अंगावर, वर माझा कोट. मी चिंचेचा गोळा तोंडात धरायला दिला, म्हणजे लाळ सुटेल आणि थुंकून तेवढंच वजन उतरेल. परत चढली. तरी वर. मग एका पडद्यामागे सगळे कपडे उतरवून चढली. अजून पाव किलोच्या आसपास उरलं होतं.

"बाई, केस कापा," ती म्हणाली.

तिचे केस कमरेच्या खाली यायचे. आमच्या टीमच्या औषधांच्या पेटीत पट्ट्या कापायची कात्री होती, तीच घेतली. मी कापत होते आणि ती माझ्या हातातल्या प्रत्येक बटेकडे हिशेब केल्यासारखी बघत होती. डोक्यावर बोटभरही केस ठेवले नाहीत. तशी काट्यावर उभी राहिली. काटा खाली आला, रेघेपाशी आला आणि तिच्या किंचित वर थांबला. तिने श्वास सोडून बघितला, एक पाय सैल करून बघितला. टेबलामागच्या बाईंनी फार नम्रपणे वाकून नमस्कार केला आणि यादीवर काट मारली.

मी आमच्या मॅनेजरना म्हटलं, वरच्या गटात घाला. ते शक्य नव्हतं. एका गटात एका देशाची एकच मुलगी, आणि वरच्या गटात दुसऱ्या प्रांताची मुलगी आधीच होती. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "खेडवळ पोरी आणल्या की हे असंच. खाण्यावर ताबा नाही." मी त्यांना काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. पुढे कुठल्याही टीममध्ये मला घेतलं नाही, याचं कारण बहुधा तेच असावं.

चांगुणा रडली नाही. संध्याकाळी खोलीत भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर टॉवेल. म्हणाली, "बाई, घरी सांगू नगा."

"काय सांगू नको?"

"ज्येवनामुळं झालं म्हनून. ठकूमावशी जीव दील. आनि बाकीच्यांनी तरी कुटनं आनून घातलं, ते मला ठावं हाय."

"मग काय सांगायचं?"

"हारले म्हनून सांगा. पयल्याच झटक्याला."

दुसऱ्या दिवशी सामन्यांना ती आली नाही. मला यावंच लागलं, वरच्या गटातली आमची मुलगी होती. जोड्या वजनांच्या आधीच ठरल्या होत्या, त्याप्रमाणे मधल्या गटाची पहिली जोडी पुकारली. चांगुणाचं नाव माईकवरून अडखळत वाचलं गेलं. समोरची मुलगी येऊन उभी राहिली, रिकाम्या जागेला वाकून नमस्कार केला, पंचांनी तिचा हात वर केला. मला घरी जावंसं वाटलं, पण घर फार लांब होतं.

परत आल्यावर तिला वाडीवर पोचवायला मीच गेले. डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता तरी आईने तो मागे सारलाच. कापलेलं डोकं बघून ती खाली बसली. "तितं कापावंच लागतंय," चांगुणा म्हणाली. "रीतच हाय तशी." मग सगळे जमले. चांगुणाने हरल्याचं सांगितलं. कशी हरली तेही सांगितलं : समोरची कशी उंच होती, तिने गळपट्टी कशी धरली, आपला पाय कसा निसटला. मी खाली मान घालून ऐकत होते.

आबा विचार करून म्हणाले, "आपलंच चुकलं, बाई. तुमचं आयकून मधीच बंद केलं. पोरीला आजून पंधरा दिस खाऊ घालाया पायजे व्हतं."

ठकूमावशी रडायला लागली. "मी म्हनत व्हते, आजून येक भाकर खा. न्हाई खाल्ली."

चांगुणा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुढे कितीतरी वर्षं ती माहेरी गेली की म्हातारी तिला दोन घास जास्त वाढायची, तेव्हा कमी पडलं ते भरून काढायला.

लग्न केस वाढेपर्यंत लांबलं, मग भाज्यात झालं. ज्यूदोचा सदरा तिने मला परत दिला नाही आणि मी मागितला नाही. मी शिकवत राहिले, कारण दुसरं काही येत नव्हतं. पण मुलीला पेंढ्यावर उभी करताना पूर्वी मनात जे असायचं ते आता नसायचं. मधल्या वजनाची मुलगी मी पुन्हा शोधली नाही. पुढे शाळेने ती जागा सायकली लावायला घेतली, तेव्हा मी हरकतही घेतली नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा मळवली स्टेशनवर उतरून तिच्याकडे गेले. लेण्यांच्या पायऱ्यांपाशी ती शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना ताक आणि काकड्या विकायची. थोराड झाली होती, गुडघे धरले होते. गिऱ्हाइकं पांगल्यावर आम्ही दगडावर बसलो. तिची धाकटी मुलगी जवळच भांडी विसळत होती. ती म्हणाली, "आये, बाईंना ती फॉरेनची कुस्ती सांग की." आणि चांगुणा माझ्याच समोर मला ती कुस्ती सांगू लागली. उंच पोरगी, गळपट्टी, निसटलेला पाय. हातवारे करून, जराही न अडखळता. मुलगी पाणी आणायला गेली तेव्हा मी म्हटलं, "खोटंच सांगायचं, तर एकदा तरी जिंकावं माणसानं."

"जिंकले म्हनलं की फुडचं इचारत्यात, बाई. मंग फुडं का न्हाई गेली, मंग बक्षीस कुटं हाय. हारलेल्याला कुनी काय इचारत न्हाई."

मग इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तिने विचारलं.

"बाई, ती कशी व्हती वो? खरी? माझ्या नावापुढं जिचं नाव व्हतं ती?"

मी त्या मुलीला पाहिलं होतं. पहिला सामना फुकट मिळाल्यावर तिचा दुसरा झाला, तोही पाहिला होता. ती बुटकी होती, भेदरलेली होती, आणि पाऊल टाकताना ते उचलून दाणकन आपटायची. दर पावलाला. तिच्यापुढे आलेल्या मुलीने तिसऱ्याच पावलाला तिचा पाय झाडला आणि ती पाठीवर पडली. चांगुणाला दुसरं पाऊलसुद्धा लागलं नसतं.

"उंच होती," मी म्हटलं. "फार ताकदीची. तू सांगतेस तशीच. तुला नसती झेपली."

"न्हाई ना?" चांगुणा म्हणाली.

"नाही."

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि उरलेलं ताक माझ्या पेल्यात ओतलं.